आश्विनातली मुंबई आणि नातीच्या जॅकेटचं अस्तर

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सप्टेंबरच्या शेवटी एक पानभर लेख आला होता. सहामाही परीक्षा संपली की चार दिवस एखाद्या शहरात फिरायला जाताना काय घालावं, हा त्याचा विषय. चित्रं देखणी होती. तपकिरी जॅकेट, गळ्यात लोकरी स्कार्फ, घोट्याच्या वर येणारे बूट आणि मागं पिवळ्या पानांचा सडा. या दिवसांना लेखात 'ऑटम' म्हटलं होतं आणि हवेत सुखद गारवा असतो असंही लिहिलं होतं. तो लेख वाचून आमच्या घरात एक खरेदी झाली. त्या खरेदीनं माझ्या नऊ वर्षांच्या नातीला मुंबईत काय त्रास दिला ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण कापडाविषयीचा मजकूर तेवढा कापू नका.

मी इचलकरंजीचा. यंत्रमागावर ३८ वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा म्हणून, काम केलं आणि आता घरी बसलोय. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. त्या मागांच्या खडखडाटात आमच्या तीन पिढ्या गेल्या. वडील मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला, मी जॉबर. पांढरं पॉपलीन, केंब्रिक, धोतर, मलमल, सगळं हातांखालून गेलंय. फॅशनमधलं मला काही कळत नाही आणि त्याबद्दल मी काही म्हणणारही नाही. पण कापड अंगावर कसं वागतं हे मला कळतं. मागाच्या कारखान्यात हवा कोरडी पडली की ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे तटातट तुटतात, म्हणून जमिनीवर पाणी मारून हवा दमट ठेवावी लागते. त्या दमट हवेत बारा-बारा तास उभं राहणारा माणूस अंगात काय घालतो ते येऊन पाहा. सुती बनियन आणि सैल अर्धी चड्डी. आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. घामानं शिकवलं.

आता झालं काय ते सांगतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा, सून, दोन नातवंडं, माझी मंडळी आणि मी असे सहा जण मुंबईला निघालो. डोंबिवलीला माझी बहीण असते, मुक्काम तिच्याकडं. नातीला राणीबागेतले पेंग्विन बघायचे होते, नातवाला गेटवे. सूनबाईंनी हौसेनं दोघांना नवे कपडे घेतले होते. नातीसाठी पुरवणीतल्या चित्रासारखंच तपकिरी जॅकेट, आत पूर्ण बाह्यांचा टॉप, खाली घट्ट लेगिंग्ज आणि बूट. दुकानदारानं 'प्युअर कॉटन आहे' म्हणून सांगितलं होतं. जॅकेट माझ्या हातात आलं होतं. वरून चिमटीत धरलं तर खरंच सुती लागलं, चांगलं जाड ट्विल. मी बरं आहे म्हणालो आणि परत दिलं. आत हात घातला नाही. ही चूक माझी आहे, सूनबाईंची नाही.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. पहाटे लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात खिडकीतून असा गार वारा आला की नातीनं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि माझ्याकडं बघून हसली. मलाही वाटलं, पुरवणीवाल्यांचं बरोबर आहे. पण घाट उतरून कर्जत मागं पडलं आणि हवा बदलली. कल्याणला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, तरी माझ्या सदऱ्याची कॉलर मानेला चिकटली होती. दोन तासांत आम्ही दोन ऋतूंतून गेलो.

मुंबईला आश्विनात जाणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. आपल्या पंचांगात आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. पानगळ आपल्याकडं शिशिरात, माघ-फाल्गुनात. आश्विनात आपलं रान हिरवंगार असतं, बांधावर झेंडू फुललेला असतो. पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघार घेतो. ढग जातात, ऊन थेट जमिनीवर पडतं आणि चार महिने पाणी प्यायलेली जमीन वाफ सोडायला लागते. त्यात वारं फिरतं. पावसाळाभर समुद्राकडून येणारा वारा आता जमिनीकडून यायला लागतो, आणि समुद्रावरची झुळूक यायला दुपार उलटते. पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, मे महिन्याच्या तोडीचा. त्याला आपण सगळे 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. मुंबईचं लहान पोरसुद्धा म्हणतं. मग पुरवणीत त्याच दिवसांना गारवा कसा येतो?

कोल्हापूर-पुण्याकडचं थोडं निराळं आहे हे कबूल. पुण्यात या दिवसांत दुपारी ३२ अंश आणि पहाटे १८-१९ अंश असं असतं. कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध प्यायला बसलं की खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. तिथं जॅकेटनं दोन-चार तास तरी भागतं. मुंबई-ठाण्यात तेही नाही.

तर राणीबाग. डोंबिवलीहून अकराच्या पुढं निघालो, गर्दी ओसरावी म्हणून. भायखळ्याला उतरून पूल चढलो. नात पुढं पळणारी पोर, ती मागं राहायला लागली. मी हात धरला तर तळवा ओला आणि गार. "आबा, अंगाला मुंग्या चावतायत," म्हणाली. मी म्हटलं, थोडं राहिलंय, चल. बागेच्या आत शिरून पन्नास पावलं गेलो असू, तेवढ्यात ती एका झाडाखाली मटकन बसली. चेहरा लालबुंद आणि ओठ पांढरे. मंडळींनी चेन खाली ओढली, जॅकेट काढलं आणि मी पाहिलं ते असं. आतल्या टॉपला पाठभर ओल होती, मानेपासून खांद्यापर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं आणि जॅकेटच्या आतल्या अस्तरावरून घाम थेंबांनी ओघळत होता. काचेवरून पाणी ओघळावं तसा. कापडात तो शिरतच नव्हता.

शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या मुलाला डबा भरवत होत्या. त्यांनी काही न विचारता आपला नॅपकिन बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि नातीच्या मानेवर ठेवला, कपाळ पुसलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी पोरगी सावरली. त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. हे पत्र छापलंत आणि त्यांच्या वाचनात आलं तर त्यांना आमचा नमस्कार पोचू दे.

संध्याकाळी बहिणीच्या गॅलरीत मी ते जॅकेट घेऊन बसलो. बाहेरच्या कापडाच्या शिवणीतून एक धागा ओढला, अस्तराच्या शिवणीतून दुसरा. पहिला चिमट्यात धरून काडी लावली. तो कागदासारखा पेटला, जळक्या कागदासारखाच वास आला, मागं राखाडी भुकटी राहिली आणि बोटानं चोळली तर उडून गेली. म्हणजे सूत. दुसऱ्याला काडी जवळ नेली तर तो ज्योतीपासून मागं सरला, आक्रसला, काळा धूर सोडत वितळला आणि टोकाला एक काळा मणी तयार झाला. गार झाल्यावर नखानं दाबला तरी फुटेना. म्हणजे पॉलिएस्टर. टॉपचाही मणीच झाला.

दुकानदार खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही. वरचं कापड सुती होतंच. पण अंगाला लागतं ते अस्तर, घाम येतो तो अस्तरावर, आणि अस्तराविषयी ना त्यानं सांगितलं, ना आम्ही विचारलं. बहुतेक घरांत हेच होतं. ग्राहक कापड बाहेरून चाचपतो आणि शिवणारा पैसे आतून वाचवतो.

अस्तरानं असं का केलं, तेही थोडक्यात लिहितो. सूत वजनावर विकलं जातं, म्हणून त्यात हवेतला ओलावा किती धरायचा याचा हिशेब आमच्या धंद्यात ठरलेला आहे. ठरावीक दमटपणात १०० किलो कोरडं सूत साडेआठ किलो पाणी हवेतून ओढून धरतं. रेशीम ११ किलो, लोकर १६ किलो. आणि पॉलिएस्टर? ४०० ग्रॅम. सूत घाम पितं, तो कापडभर पसरवतं आणि हवा लागली की सोडून देतं, तेव्हाच अंग गार पडतं. पॉलिएस्टरला पाणी पिता येत नाही. ते विणताना जाळी ठेवली, सैल ठेवलं, तर घाम फटींतून बाहेर जातो. नातवाची फुटबॉलची जर्सी अशीच असते आणि ती लवकर वाळते, हे मी पाहिलंय, म्हणून सरसकट नावं ठेवत नाही. पण गुळगुळीत, गच्च विणलेलं अस्तर जाड जॅकेटच्या आत घालून मुंबईच्या आश्विनात पोराला फिरवणं म्हणजे त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालण्यासारखं आहे.

मात्र 'सुती घ्या' एवढं सांगूनही भागत नाही. माझा मुलगा जीन घालून आला होता. जीन सुतीच असते. दुसऱ्या दिवशी दुपारी दादरला अचानक सर आली. हस्ताचा पाऊस संपला म्हणून छत्र्या आम्ही घरीच ठेवल्या होत्या. चित्रा नक्षत्राचाही भरवसा धरू नये, हे आमच्या शेतकरी पाहुण्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. जीन गुडघ्यापर्यंत भिजली. बहिणीच्या गॅलरीत दोन रात्री दोरीवर टांगली तरी कमरेचा पट्टा आणि खिसे ओलेच. सूत पाणी पितं म्हणजे जाड सूत जास्त पितं आणि ते सोडायला दमट हवा तयार नसते. म्हणून धागा बघावा आणि वीणही बघावी.

धाग्याची जाडी आम्ही काउंटात मोजतो. ८४० यार्डांची एक लड धरली तर एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतील तितका काउंट. ४० काउंटाच्या एक पौंड सुताची लांबी ३३,६०० यार्ड भरते. आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो. जीनचा धागा जाडा, काउंट लहान. केंब्रिकचा बारीक, मलमलीचा आणखी बारीक. शहरात दिवसभर चालायचं तर मलमल किंवा व्हॉइल सगळ्यांत सुखाची, पण ती पारदर्शक असते आणि लोकलच्या गर्दीत फाटते. माझ्या मते केंब्रिक मधलं. अंगाला हलकं, धुऊन दोरीवर टाकलं तर पंख्याखाली रात्रीत वाळतं आणि चार वर्षं टिकतं. पॉपलीनमध्ये ताणा दाट असतो, म्हणून ते जरा गरम. शर्टाला ठीक, पण पोरांच्या फ्रॉकला केंब्रिकच घ्या. हातमागाची खादी तर उत्तमच. हातानं काढलेल्या सुताचा पीळ एकसारखा नसतो, त्यामुळं कापडात बारीक फटी राहतात आणि त्यांतून वारा खेळतो. पण खादी चुरगळते, हेही सांगायला हवं.

रेयॉनचं मात्र सांभाळून. ते सुतासारखंच जळतं, राखही तशीच पडते, म्हणून काडी लावून ओळखता येत नाही. अंगाला थंड लागतं. भिजलं की मात्र त्याची ताकद जाते, लोंबतं, आणि पिळताना शिवणीत फाटतं. टेरीकॉटमध्ये बहुतेक वेळा पॉलिएस्टर जास्त आणि सूत कमी असतं. आमच्या तरुणपणी टेरीकॉटची पँट म्हणजे मान होता, कारण इस्त्री मोडत नव्हती. मान होता, पण मांड्या भाजायच्या.

कोरे कपडे घालून फिरायला जाऊ नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती. पुरवणीतल्या लेखात 'ट्रिपसाठी खास नवी खरेदी' असं लिहिलं होतं. मागावर चढवायच्या आधी ताण्याला खळ देतात, नाहीतर धागे तुटतात. पुढं कापड धुवून खळ काढतात, पण दुकानात घडी ताठ दिसावी म्हणून शेवटी पुन्हा कांजी किंवा दुसरं काहीतरी लावलेलं असतं. ते सगळं कापडाच्या फटी बुजवतं. कोऱ्या कपड्याचा जो वास आपल्याला आवडतो तो याचाच. तो कपडा किमान दोनदा साध्या पाण्यात रात्रभर भिजवून धुतल्याशिवाय त्यातून वारा जात नाही. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं. आमच्या आईची पद्धत होती. शिंप्याकडं टाकायच्या आधी ताग्यातला तुकडा बादलीत, आणि दसऱ्याचे नवे कपडे आधी घरातच दोन दिवस घालायचे, मग गावाला.

माझी मंडळी मुंबईत दोन्ही दिवस तिच्या जुन्या नारायणपेठ सुती साडीत होती, आत पॉपलीनचा परकर. सहा जणांत तिलाच काही त्रास झाला नाही. ती म्हणते हल्ली साडीखाली घट्ट, ताणणारे परकर घालतात, ते शहरात दिवसभर चालायला घालू नयेत, मांड्या घासतात. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहितोय कारण या बाबतीत तिचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे. तिच्या परकराला आतून शिवलेला चोरखिसा आहे. त्यात परतीचे पैसे आणि बहिणीच्या घराची किल्ली होती. आजच्या मुलींच्या कुर्त्याला मोबाइल जाईल एवढा खिसासुद्धा शिवत नाहीत, हे मला पटत नाही. कापड वाचतं किती, वीतभर.

गारव्यासाठी काहीच नको असं माझं म्हणणं नाही. घाटातली पहाट आहे, एसी लोकल आहे, मोठी दुकानं आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली वातानुकूलित दालनं आहेत. घामानं भिजलेलं अंग एकदम एसीत गेलं की हुडहुडी भरते, मुलं दुसऱ्या दिवशी शिंकायला लागतात. त्यासाठी जॅकेट नाही, पंचा घ्यावा. आमचे वडील मुंबईला जाताना खांद्यावर पंचा टाकून जायचे. घाटात तो कानांवरून बांधायचा, स्टेशनवर अंथरायचा, घाम पुसायचा, आंघोळीला वापरायचा, पाऊस आला तर डोक्यावर घ्यायचा आणि रात्री खिडकीत वाळत घालायचा. घडी घातली की पिशवीच्या कोपऱ्यात बसतो. तरुण मुलामुलींना पंचा नको वाटत असेल तर सुती दुपट्टा घ्या किंवा मोठं सुती उपरणं घ्या. काम तेच.

पायांचं दोन ओळींत सांगतो. कोल्हापुरी आमच्या भागाचा अभिमान आहे, पण कोरी कोल्हापुरी आठ दिवस पाय चावते आणि भिजली की कडक होते. शहरात चालायला नेलीत तर जुनी, तेल पाजलेली न्या, नाहीतर पायाला सरावलेले सँडल घाला. बूट तर आश्विनात मुलांना नकोतच.

आमच्या कारखान्यात माझ्याबरोबर एक वहिफणीवाला, म्हणजे ताण्याचे धागे ओवून देणारा, होता. दरवर्षी विजयादशमीला तो घरच्यांसह नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, तेव्हा लोक पांढऱ्या वस्त्रांत आले होते, आणि आजही पांढरं नेसून येतात. ते पांढरं श्रद्धेचं आहे, उन्हाशी त्याचा संबंध जोडणं बरोबर नाही. पण तो मला एकदा म्हणाला होता ते आठवतं. दिवसभर उघड्या मैदानात, लाखोंच्या गर्दीत, मांडीवर लहान मूल घेऊन बसायचं तर अंगावर धुतलेलं पांढरं सुती असलं की निभतं. त्याची बायको त्या साड्या आठ दिवस आधी धुऊन, कांजी न करता ठेवायची. शहरात जायच्या आधी कपड्याची अशी तयारी करणारे लोक आपल्यातच आहेत. पुरवणीला लेख लिहायचा तर त्यांच्याशी बोलून लिहिता येईल.

एका बाबतीत लेख बरोबर होता, तेही लिहितो. माझा पुतण्या आणि त्याची बायको सप्टेंबरअखेर लंडनला गेले होते. तिथं त्या दिवसांत दुपारी १९-२० अंश आणि पहाटे ११-१२ अंश असतात, वर रिमझिम. तिथं जॅकेट हवंच, स्कार्फही हवा, बंद बूट तर हवेतच. पुतण्याच्या बायकोनं नेलेला लोकरी कोट तिला उपयोगी पडला. आपला लेख त्या गावांसाठी असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण पुरवणी वाचतात इचलकरंजीत, लातुरात, पनवेलमध्ये. आणि लेखात गावाचं नाव नव्हतं.

म्हणून दोन मागण्या आहेत. पुढच्या वेळी कपड्यांची चित्रं छापाल तेव्हा प्रत्येक चित्राखाली एक ओळ टाका: कापड कोणत्या धाग्याचं आणि अस्तर कोणत्या धाग्याचं. आणि लेख कोणत्या शहरासाठी, कोणत्या महिन्यासाठी आहे ते मथळ्यातच लिहा. जागा फार लागणार नाही. दुकानदारांनाही याच पत्रातून विनंती, 'प्युअर कॉटन' सांगताना आतलं काय आहे तेही सांगा. आणि आईबापांनो, दुकानात हात आधी आत घाला. शंका आली तर शिवणीतला एक धागा मागून घ्या आणि घरी, कपड्यापासून लांब, ताटलीवर, चिमट्यात धरून काडी लावून बघा. मुलांच्या हाती हे देऊ नका. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. दिवाळीत पणत्यांजवळ घेरदार, झुळझुळीत फ्रॉक घालून वावरणाऱ्या पोरींच्या बाबतीत तर हे मला रोज आठवतं.

नातीचं पुरळ चार दिवसांत गेलं. दिवाळीनंतर तिला पुण्याला मामाकडं जायचंय, शनिवारवाडा बघायचाय. जॅकेटचं अस्तर मी स्वतः उसवून काढलं. आमच्या शेजारच्या शिंप्यानं त्याला धुतलेल्या मलमलीचं अस्तर लावून दिलं, पहाटेपुरतं चालेल. फ्रॉकसाठी पिवळं केंब्रिक आणलंय, दोन मीटर. दोनदा भिजवून झालं, दुसऱ्या पाण्यालाही रंग उतरला, म्हणून काल रात्री मीठ घालून तिसऱ्यांदा बादलीत टाकलंय. सकाळी नात दोनदा जाऊन बघून आली, पाणी पिवळं झालंय का. या खेपेला झालं नव्हतं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी